दगड क्रमांक एकशे सतरा

रोहिणी देवकरच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा ती नाकातोंडाला फडकं बांधून डंकासमोर उभी होती. फाल्गुन लागला की कोंडवळ्यातल्या आणि आसपासच्या पाच-सहा गावांतल्या बायका वर्षाचा मसाला कांडून घ्यायला तिच्याकडे येत. लोखंडी मुसळांच्या धडधडीत फोन वाजलेला तिला ऐकूच आला नाही. तो घेतला तिच्या नवऱ्यानं, उत्तमनं. बाहेरच्या बाकड्यावरून तो ओरडला, "अगं, सरकारनं तुला पंच केलंय!"

"कसला पंच?"

"मला काय ठाऊक! घरातली भांडणं तर तुला मिटवता येत नाहीत."

बायका खो-खो हसल्या. मग एकीनं आपल्या फोनवर बघून सगळा खुलासा केला, आणि हसणं आपोआप थांबलं.

ही गोष्ट सन दोन हजार सत्तेचाळीसची. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कुठल्याही संशोधनाची मुदत संपली की पुढं काय करायचं ते लोकांनीच ठरवावं, असा कायदा होऊन नऊ वर्षं झाली होती. जिल्ह्यातून अकरा माणसांच्या चिठ्ठ्या निघत. त्यांनी काम बघायचं, विचारायचं ते विचारायचं आणि तिसऱ्या दिवशी सांगायचं, की हे काम चालू ठेवायचं का तोच निधी त्या भागातल्या दुसऱ्या एखाद्या गरजेला द्यायचा. या खेपेला मुदत संपत होती वाघजाईच्या पठारावरच्या संशोधन केंद्राची. चार माणसं तिथं एकतीस वर्षं दगडफूल मोजत होती. आणि दुसरी गरज होती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसचा विभाग.

उत्तमची मूत्रपिंडं निकामी होऊन चार वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा पहाटे पाचच्या जीपनं कऱ्हाडला जायचं, चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि चरकातून निघालेल्या चिपाडासारखं होऊन दिवस मावळताना घरी यायचं.

"देवानंच चिठ्ठी काढली बाई तुझी!" शेजारची शालनकाकू म्हणाली. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव येऊन हेच बोलून गेलं. उत्तम मात्र जेवताना भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढंच म्हणाला, "तालुक्याला झालं तर दुपारच्या जेवणाला घरी येता येईल."

रोहिणीनं मनाशी ठरवून टाकलं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

पहिल्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात तिनं उभं राहून स्पष्टच सांगितलं, "माझा मालक डायलिसिसवर आहे. मला ठेवायचं का काढायचं ते बघा."

अधिकारी बाई म्हणाल्या, "ज्याच्या घरात कसलीच गरज नाही असा पंच कुठून आणणार, रोहिणीताई? तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, झालं. बसा."

मग त्यांनी 'अन्वय' सुरू केला. रोहिणीनं त्याचं नाव ऐकलं होतं. बघत होती पहिल्यांदाच. तसं बघण्यासारखं काही नव्हतं. भिंतीवर एक मोठा पडदा आणि एक शांत आवाज.

अन्वय काय करतो, हे समजायला एक मुंगी डोळ्यांपुढं आणावी. एका भल्यामोठ्या आंब्याच्या झाडावर शेंड्याच्या एका पानावर ती बसली आहे. तिला खोडाकडं जायचं असेल तर अवघड काही नाही. पानावरून डहाळीवर, डहाळीवरून फांदीवर, फांदीवरून खोडावर. चालत राहिली की पोचलीच. अन्वयनं जगातले सगळे शोधनिबंध, दवाखान्यांची टिपणं, कारखान्यांचे आराखडे वाचून काढले होते. त्यामुळं आज वापरात असलेली कुठलीही वस्तू त्याच्यासमोर ठेवली, की ती कुणाच्या कुठल्या कामातून कशी आली ते तो मुंगीसारखा मागं मागं जाऊन दाखवी. त्याचं दुसरं काम याच्या उलटं होतं. आज चाललेल्या संशोधनातून उद्या किती उपयोग निघेल, याला हजारापैकी गुण द्यायचे. म्हणजे मुंगीनं खोडाशी उभं राहून, पाडाचा आंबा नेमका कुठल्या फांदीला लागेल ते सांगायचं.

डायलिसिस विभागाला गुण मिळाले नऊशे बारा. दगडफुलाच्या केंद्राला चार.

"चार!" पोपटराव शेटे मांडीवर थाप मारून म्हणाले. त्यांचं ट्रॅक्टरचं दुकान होतं, आणि पंचांमध्ये सगळ्यांत मोठा आवाजही त्यांचाच. "अहो, माझ्या नातवाला गणितात याच्यापेक्षा बरे पडतात. चला, चहा घेऊन घरी जाऊ."

"कुणाला काही विचारायचं आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

रोहिणीला खरं तर विचारायचं काही नव्हतं. पण चार वर्षं ज्या यंत्रानं नवऱ्याला जिवंत ठेवलं, ते कुठून आलं हे जाणून घ्यायची तिला हौस वाटली. एवढी साधी हौस. तिनं विचारलं.

पडद्यावर एक रेघ मागं मागं जाऊ लागली. अन्वय सांगत होता. "पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी विलायतेत रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. कातड्यासारख्या कागदातून काय आरपार जातं आणि काय जात नाही, हे ते बघत बसत. विरघळलेलं मीठ पार होई. डिंक मागं राही. आजच्या डायलिसिसच्या नळीत हेच होतं. रक्तातली घाण मिठासारखी पार होते, रक्तपेशी डिंकासारख्या मागं राहतात."

"आजारी माणसाला बरं करायला त्यांनी हे केलं?"

"नाही. डिंक आणि मीठ वेगळं का वागतात, याचं त्यांना कुतूहल होतं."

"आणि नळीत रक्त गोठत कसं नाही?"

"त्यासाठी एक औषध घालतात. वैद्यकी शिकणारा एक विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला नेमका उलटा पदार्थ सापडला."

रोहिणी चक्रावली. चुकून सापडलेलं औषध आणि डिंकाचं पाणी ढवळत बसलेला कुणी मास्तर, यांच्या जिवावर उत्तम पहाटे उठून चहा मागत होता. "त्या मास्तरांना तेव्हा तू किती गुण दिले असतेस?"

"तेव्हाची माहितीच फक्त धरली, तर सहा."

सभागृहात कुजबूज झाली. पण शेटे काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "असं हाय का? मग त्याच वेळी असे सहा-सहा गुणांचे दुसरे किती मास्तर होते, आणि त्यांचं काय झालं, तेबी सांग की."

"पुष्कळ होते. बहुतेकांची वाट थोड्याच पावलांवर संपते," अन्वय म्हणाला.

शेट्यांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं बघितलं. रोहिणीला वाटलं, हेही खरंच की. मग तिला अजून एक शंका आली. "गेल्या नऊ वर्षांत तुझ्या गुणांवरून जी कामं बंद पडली, त्यांत तुझी चूक किती वेळा झाली?"

"एकदाही दिसली नाही."

"बघा!" शेटे म्हणाले.

अन्वयचं बोलणं संपलं नव्हतं. "बंद पडलेल्या कामातून पुढं काय निघालं असतं, हे कधीच कळत नाही. त्यामुळं तिथं माझी चूक झाली असली, तरी ती दिसण्याची सोय नाही."

त्या रात्री उत्तमनं विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "डोकं उठलंय माझं." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी पंचांना पठारावर नेलं. काळ्या कातळाचं, कोसभर पसरलेलं उघडंबोडकं माळरान. केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मृण्मयी ओव्हाळ चाळिशीच्या होत्या. उन्हानं रापलेल्या, डोक्याला पंचा गुंडाळलेल्या. पंच कमिटीपुढं गुळगुळीत बोलायची त्यांना सवय नसावी, पण दगडफुलाबद्दल सांगताना त्यांची कळी खुलली.

"ही एक वनस्पती नाहीच मुळी. हा दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ त्या घरात उन्हावर स्वयंपाक करतं. याला मुळं नाहीत. मातीतून काही घेत नाही. धुकं, पाऊस, हवेतली धूळ, जे वरून येईल तेच खातं. म्हणून हवेत जे काही बदलतं ते याच्या अंगात उतरतं. इथं दोनशे दगड आहेत. दर वर्षी फाल्गुनात, दगडफूल कोरडं ठणठणीत असताना आम्ही ते मोजतो. ओलं झालं की ते फुगतं, माप चुकतं."

"आणि मोजून काय होतं?" शेट्यांनी विचारलं.

"सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते ठरलेल्या चालीनं वाढत होतं. मग वाढ मंदावली. आता जवळजवळ थांबलीय."

"का?"

"ठाऊक नाही."

"त्यानं आमचं काही बिघडतंय?"

"तेही ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दगडफुलाला जे सोसत नाही, ते आपल्यालाही सोसत नसेल. किंवा धुकं कमी झालं असेल. किंवा एवढ्या वर्षांनी ते असंच थांबत असेल, आणि आपल्याला बघायलाच मिळालं नसेल आजवर."

शेटे रोहिणीच्या कानाशी लागून म्हणाले, "वैनी, हिला एक तरी उत्तर येतं का?"

मंडळी पुढं गेली. रोहिणीचे गुडघे धरले होते, ती मागं रेंगाळली. तेवढ्यात तिला ते दिसलं. एका उतरत्या दगडावर हाताच्या पंज्याएवढं दगडफूल. वरून राखेरी, खालून काळंभोर, काठाला कुरळं. बाजारात मिळायचं ते अर्धं सालीचा भुगा आणि माती असायचं. असलं रुंद पानाचं दगडफूल तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दगडाच्या बगलेला पिवळ्या रंगाचा ठिपका होता. मोजणीवाले हद्दीच्या दगडाला लावतात तसला असेल, असं तिला वाटलं. तिचा हात सवयीनं पुढं झाला. अंगठ्याच्या नखानं कड सोडवली, आणि अख्खं फूल अलगद तिच्या मुठीत आलं. तिनं ते पदराच्या टोकाला बांधलं. उत्तमच्या आमटीला आळणीपणाचा शाप होता; मीठ बंद होतं. निदान वास तरी चांगला लागेल.

पुढं डॉक्टर एका वहीशी झटत होत्या. "एकशे सोळा हा. एकशे अठरा तो. मधला एकशे सतरा... इकडंच होता. सगळ्यांत मोठं फूल त्याच्यावर आहे, चला दाखवते."

 रोहिणी पुढं आली आणि तिनं पदराची गाठ सोडली.

 डॉक्टरांनी ते फूल तळहातावर घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"परत चिकटवता येणार नाही का हो?" रोहिणीनं विचारलं. आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच ऐकू येत होतं, पण दुसरं काही सुचेना.

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले, आणि पुन्हा हसल्या. "माझ्या आधी जे सर इथं होते, त्यांनी हा दगड निवडला होता. तेव्हा हे मोहरीएवढं होतं."

"माझं नाव लिहा तुम्ही. लपवू नका."

"नाव नाही लिहीत आम्ही. काय झालं ते लिहितो." त्यांनी वही उघडली आणि लिहिलं, 'दगड ११७. दगडफूल काढले गेले. कारण: मसाला.' लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वास बरा येतो का हो याला? मी कधी खाल्लंच नाही. जीवच होत नाही."

रोहिणीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तिसऱ्या दिवशी निकाल द्यायचा होता. नियम असा, की नुसता हात वर करून भागत नाही. प्रत्येकानं आपल्या तोंडानं कारण सांगायचं, तरच मत धरायचं. रोहिणीची पाळी सहावी. आधीच्या पाचांपैकी चौघांनी दवाखान्याला मत दिलं होतं, आणि सगळे तिच्याकडं बघत होते. तिचं मत काय असणार, ते ठरल्यासारखंच होतं.

ती उभी राहिली. "दगडफूल कच्चं हुंगलं तर त्याला वासच नसतो," तिनं सुरुवात केली. "गरम तेलात पडलं की मग कळतं. नुसत्या हुंगण्यावर गुण दिले, तर गोड्या मसाल्यात ते कुणी घातलंच नसतं."

"वैनी, बोलायला झ्याक हाय," शेटे म्हणाले. "पण तेलात पडलेला सगळाच पालापाचोळा वास सोडतो काय?"

लोक हसले. रोहिणीही ओशाळून हसली. रात्रभर जुळवलेलं वाक्य एका फुंकरीसरशी विझलं. ती खाली बसणार होती. दवाखाना म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दुपारच्या जेवणाला उत्तम घरी.

पण ती उभीच राहिली.

"मला काही कळत नाही, भाऊ," ती म्हणाली. "काल दिवसभर कळत नव्हतं, आज तर अजिबात नाही. त्या दगडांतून काय निघंल ते त्या बाईंना ठाऊक नाही, ह्या यंत्राला ठाऊक नाही, मला कुठून असणार? काहीच निघणार नाही, असंबी असंल. पण दवाखाना मागायला मी आहे. तुम्ही आहात, सगळा तालुका आहे. ह्या वर्षी नाही मिळाला तर पुढच्या वर्षी कलेक्टरच्या दारात बसू. त्या दगडांसाठी दारात कोण बसणार? काय मागायचं तेच कुणाला ठाऊक नाही. दुकानदार त्यात पैसा घालणार नाही. तुम्ही घालाल का?"

"छ्या!" शेटे म्हणाले.

"मग ते सगळ्यांनी मिळूनच करायचं काम आहे, नाहीतर ते होतच नाही. काल माझ्या एका नखानं एकतीस वर्षं निघून आली. ती कुठंच चिकटवता येईनात. दवाखाना उशिरा बांधता येतो. मधली चुकलेली वर्षं मागनं मोजता येत नाहीत." ती अधिकारी बाईंकडं वळली. "माझं मत दगडांना. का दिलं, ते मला घरी सांगता येणार नाही."

खाली बसल्याबरोबर तिला मत परत घ्यावंसं वाटलं. पण अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं होतं.

सहा विरुद्ध पाच. केंद्राला तीन वर्षांची मुदत मिळाली. आणि नंतरच्या पाचांपैकी चौघांनी कारण सांगताना "देवकरबाई म्हणाल्या तसं" असंच म्हटलं होतं, त्यामुळं आपलं एकच तर मत होतं, असं म्हणून सुटायची सोयही तिला उरली नाही.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. रोहिणीनं डिंकाच्या मास्तराची गोष्ट सांगून बघितली, तरी शालनकाकूनं तिच्याकडं दिलेली मिरची न कांडताच परत नेली. उत्तम बाकड्यावर बसून होता.

"दगडासाठी?" त्यानं विचारलं.

"अहो, ऐकून तर घ्या..."

"मी विचारलं, दगडासाठी?"

"हो."

तो उठून आत गेला. पुढचे आठ दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. कऱ्हाडच्या जीपमध्येही तिच्याकडं पाठ करून बसे. नवव्या दिवशी, दंडात सुया टोचलेल्या, शेजारी यंत्र घरघरतंय, अशा वेळी छताकडं बघत तो म्हणाला, "त्या डिंकाच्या मास्तराचं काय सांगत होतीस तू शालनकाकूला?"

तिनं सांगितलं. मीठ, डिंक, कागद, सगळं. तो नळीतून फिरणाऱ्या आपल्या रक्ताकडं बघू लागला. "त्याला तेव्हा कुणी हाकलून दिलं असतं, तर?"

"तर दुसऱ्या कुणाला सापडलं असतं. किंवा नसतं. मला नाही माहीत."

"तुला हल्ली काहीच माहीत नसतं."

"नसतं खरं."

"उद्या सुट्टीचा दिवस आहे माझा," तो म्हणाला. "मला तिथं घेऊन चल. माझा दवाखाना कशावर गेला, ते बघू दे तरी."

दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी बसत, धापा टाकत तो पठारावर चढला. डॉक्टर ओव्हाळ मापं घेत होत्या. त्यांचा एक माणूस रजेवर होता. उत्तमनं सगळीकडं नजर फिरवली. दगड, दगड, आणि दगड.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," डॉक्टर म्हणाल्या.

"वर यायला माझा जीव गेला, आणि एवढंच!" तो एका दगडाशी उकिडवा बसला. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या कातडीकडं बघावं तसं दगडफुलाकडं बघू लागला. डॉक्टरांनी त्याच्या हातात मिलिमीटरची मापपट्टी दिली. प्रत्येक फूल दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना न विचारता आकडा सांगायचा, अशी तिथली रीत होती.

उत्तमनं मोजलं. मग रोहिणीनं मोजलं.

"त्रेसष्ट," तो म्हणाला.

"साडेबासष्ट."

"त्रेसष्ट आहे."

"चष्मा पुसा. साडेबासष्ट."

"अगं, हे कुरळं टोक तू धरलंच नाहीस! बघ की नीट. डॉक्टर, हिचा आकडा लिहू नका. ही मोजायच्या आधी उपटते."

"दोन्ही लिहायचे असतात," डॉक्टर म्हणाल्या.

"मग खरं कुणाचं?"

"पुढच्या वर्षी पुन्हा मोजू तेव्हा बघू."

उत्तमनं मान वर केली. पुढच्या वर्षी, हा शब्द त्या घरात चार वर्षं कुणी सहज उच्चारला नव्हता. रोहिणी दुसरीकडं बघू लागली. वाऱ्यानं वहीचं पान फडफडलं, आणि डॉक्टरांनी ते बोटानं दाबून धरलं.

"त्रेसष्ट," उत्तम पुन्हा म्हणाला, या खेपेला जरा मोठ्यानं. मग गुडघ्यावर हात रेटत उठला आणि विचारलं, "पुढचा दगड कुठला?"